मुलासाठीं घर : परदेशीं दत्तक देण्याची रीत

दत्तक हा शब्द आपणांपैकीं कोणासही नवा नाहीं. वंश खुंटला, गादी रिकामी पडली, म्हातारपणीं तोंडांत पाणी घालावयास कोणी उरलें नाहीं, म्हणजे दत्तक घ्यावयाचा, ही रीत वाडवडिलांपासून चालत आली आहे. परंतु आज मला ज्या दत्तकाविषयीं बोलावयाचें आहे, तो या रीतीहून निराळा आहे. आपल्या देशांत जन्मलेलें, पण येथें ज्याला कोणी उरलें नाहीं असें मूल समुद्रापलीकडच्या एखाद्या घरीं कसें पोहोंचतें. त्या घराला तें मूल कोण सुचवितो, कशाच्या आधारावर सुचवितो, आणि त्या सुचविण्यावर किती जणांचें भवितव्य अवलंबून असतें, हा माझ्या भाषणाचा विषय आहे. या सुचविण्याला कायद्याच्या व्यवहारांत ‘रेफरल’ म्हणतात. मी आपल्या सोयीसाठीं त्याला ‘निर्देश’ म्हणेन.

मी राहणारा बदलापूर गांवचा. वाटेवर घोडे बदलण्याची ही जागा, म्हणून तिचें नांव बदलापूर, अशी आमच्याकडे आख्यायिका आहे. शेजारचें उल्हासनगर तर घर सुटलेल्या माणसांनींच वसविलें. १९४७ च्या फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित येऊन राहिले, आणि १९४९ सालीं त्या वसाहतीला हें नांव मिळालें. आज अंबरनाथ-बदलापूरच्या फलाटांवर रोज हजारों माणसें चढतात-उतरतात. अशा गर्दींत एखादें मूल हरवतें आणि एखादें जाणूनबुजून मागें ठेविलें जातें. हा विषय परदेशचा वाटला तरी त्याचा पहिला धागा आपल्याच फलाटावर, आपल्याच दवाखान्यांत असतो, म्हणून तो आपण समजून घेणें अवश्य आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. १८७५ सालीं बडोद्याची गादी रिकामी होती. महाराणी जमनाबाईंसमोर नाशिक जिल्ह्यांतील कवळाणें गांवच्या गायकवाड घराण्यांतील तीन मुलगे आणून उभे केले. त्यांतला गोपाळराव पसंत पडला आणि २७ मे १८७५ रोजीं तो सयाजीराव झाला. पुढें त्यानें राज्य उत्तम केलें, हें आपण जाणतोंच. परंतु ती रीत नीट न्याहाळा. गरज गादीची होती. मुलें तीन होतीं. निवड मोठ्यांनीं केली, आणि उरलेलीं दोन मुलें निवडींतून वगळलीं गेलीं. घरासाठीं मूल शोधावयाचें, हें त्या दत्तकाचें तत्त्व होतें.

योगायोग असा कीं, त्याच १८७५ सालीं पंढरपूरास प्रार्थना समाजाच्या मंडळींनीं टाकलेल्या मुलांसाठीं बालकाश्रम काढला. त्याच्याही अगोदर, १८६३ सालीं, पुण्यांत महात्मा जोतीराव फुले यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलें होतें. आणि काशीबाई नांवाच्या एका विधवेचा मुलगा यशवंत यास जोतीराव व सावित्रीबाई यांनीं पुढें आपला पुत्र म्हणून वाढविलें. येथें प्रश्न गादीचा नव्हता. येथें मूल आधीं होतें, आणि त्याला घर हवें होतें. मुलासाठीं घर शोधावयाचें, हें या दुसऱ्या दत्तकाचें तत्त्व. माझें आजचें सारें भाषण या दोन वाक्यांतील अंतराविषयीं आहे, असें म्हटलें तरी चालेल.

कायद्याला हें अंतर ओळखावयास बराच काळ लागला. १९५६ सालचा हिंदु दत्तक व निर्वाह कायदा हिंदूंपुरताच होता. परदेशांतून आलेल्या अन्य धर्मीय दांपत्याला येथें मूल दत्तक घेतां येत नसे. त्यांनीं १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखालीं न्यायालयांतून मुलाचें पालकत्व मिळवावयाचें, मूल आपल्या देशीं न्यावयाचें आणि तेथील कायद्यानें दत्तक घ्यावयाचें, असा वळणाचा मार्ग होता. मूल कोणतें, हें बहुधा संस्थेच्या दिवाणखान्यांतच ठरे. पाहुणे येत, पाळण्यांवरून नजर फिरवीत, आणि एखाद्या चेहऱ्यावर मन बसे.

या काळांतील एक उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. १३ ऑगस्ट १९७९ रोजीं पुण्यांत जन्मलेली एक मुलगी ससून रुग्णालयाशीं जोडलेल्या ‘श्रीवत्स’ या अनाथालयांत आली. परदेशीं राहणाऱ्या स्थळेकर दांपत्यानें ती अवघ्या कांहीं आठवड्यांची असतां तिला आपली केली. पुढें तें कुटुंब ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालें, आणि ती लिसा स्थळेकर या नांवानें ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघांत खेळूं लागली. २००५ व २०१३ या दोन्ही वर्षीं विश्वचषक जिंकणाऱ्या संघांत ती होती. एकदिवसीय सामन्यांत एक हजार धावा आणि शंभर बळी ही दुहेरी मजल गांठणारी ती पहिली स्त्री खेळाडू. ही गोष्ट ऐकून आपला ऊर भरून येतो, आणि तो यावाही. परंतु विचारी मनुष्यानें पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: त्या दिवसांत तशाच दिवाणखान्यांतून जीं मुलें गेलीं, तीं सर्व अशाच चांगल्या हातीं पडलीं असतील काय? नशीब चांगलें असणें निराळें आणि व्यवस्था चांगली असणें निराळें.

हाच प्रश्न लक्ष्मीकांत पांडे नांवाच्या एका वकिलांनीं १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयाला पत्रानें विचारला. परदेशीं मुलें देण्याच्या नांवाखालीं गैरव्यवहार चालतात, अशी त्यांची तक्रार होती. न्यायालयानें त्या पत्रालाच अर्ज मानलें, आणि ६ फेब्रुवारी १९८४ रोजीं न्यायमूर्ति भगवती यांनीं जो निकाल दिला, तो या विषयाचा पाया झाला. मुलाला प्रथम आपल्याच देशांत घर शोधावें, तें न मिळाल्यासच परदेशाकडे पाहावें. परदेशी कुटुंबाचा अर्ज तेथील मान्यताप्राप्त संस्थेमार्फतच यावा. त्या घराची पाहणी झालेली असावी. आणि येथें न्यायालयाला त्रयस्थ संस्थेनें साह्य करावें, असे दंडक त्यानें घालून दिले. १९९० सालीं केंद्र सरकारनें यासाठीं स्वतंत्र यंत्रणा उभी केली. ती आज केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, किंवा थोडक्यांत ‘कारा’, या नांवानें ओळखली जाते.

तिकडे युरोपांतही हाच विचार चालू होता. हेग शहरीं २९ मे १९९३ रोजीं आंतरदेशीय दत्तकाचा एक करार झाला, आणि भारतानें त्यास २००३ सालीं मान्यता दिली. या कराराचा सारांश मी चार वाक्यांत सांगतों. मुलाला त्याच्या मायदेशांत योग्य घर मिळत नाहीं याची आधीं खात्री करावी. आईची संमति मुलाच्या जन्मानंतरच घ्यावी, आणि ती पैशाच्या लोभानें मिळविलेली नसावी. सर्व संमत्या पुऱ्या होईपर्यंत मूल घेऊं इच्छिणाऱ्यांनीं मुलाच्या जन्मदात्यांशीं संपर्क ठेवूं नये. आणि मुलाच्या मुळाविषयींची माहिती जपून ठेवावी. तिसरें कलम प्रथमदर्शनीं निष्ठुर वाटतें. पण घेणाऱ्याची श्रीमंती देणारीच्या दारिद्र्यासमोर उभी राहिली, म्हणजे संमतीला किंमत चिकटते, हें ओळखूनच तें घातलें आहे.

आतां प्रत्यक्ष रीत पाहूं. समजा, एखाद्या पहांटे आमच्या फलाटावर चिंध्यांत गुंडाळलेलें एक तान्हें मूल मिळालें. पहिला नियम असा कीं, ज्याला तें मिळालें त्यानें तें घरीं न्यावयाचें नाहीं. पोलिसांना किंवा १०९८ या बालसाह्य दूरध्वनीवर कळवावयाचें, आणि २४ तासांच्या आंत तें मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढें जावयाचें. ही समिति मुलाला मान्यताप्राप्त दत्तक संस्थेच्या स्वाधीन करते. मुलाचें छायाचित्र वृत्तपत्रांत छापून जन्मदात्यांचा शोध घेतला जातो. कोणीच पुढें आलें नाहीं, तर दोन वर्षांपर्यंतच्या मुलाबाबत दोन महिन्यांत आणि त्याहून मोठ्या मुलाबाबत चार महिन्यांत समिति निर्णय देते कीं, हें मूल दत्तकासाठीं कायद्यानें मोकळें आहे. एखादी माता स्वतः येऊन मूल सोपवीत असेल, तर तिला समितीपुढें लेख करून द्यावा लागतो, आणि फेरविचारासाठीं दोन महिन्यांची मुदत मिळते. मन पालटलें तर ती आपलें मूल परत नेऊं शकते. ही मुदत मला सर्व कायद्यांत मायेची वाटते. प्रसूतीच्या वेदनेंत आणि लोकांच्या भयांत घेतलेला निर्णय अखेरचा मानूं नये, एवढी जाण तींत आहे.

मूल मोकळें झालें, म्हणजे त्याच्याविषयीं दोन अहवाल तयार होतात. एकांत त्याची सामाजिक हकीकत: तें कोठें मिळालें, संस्थेंत केव्हां आलें, त्याचा स्वभाव, झोप, खाणें, कोणाशीं लळा आहे. दुसऱ्यांत वैद्यकीय तपासणी: वजन, उंची, डोक्याचा घेर, टोंचलेल्या लसी, रक्ताच्या चांचण्या, कांहीं व्यंग असल्यास तें. हे अहवाल साऱ्या देशाच्या एकाच संगणकीय यादींत जातात. २०१५ पासून ही एकच यादी सर्वत्र चालते. मूल हवें असणाऱ्या कुटुंबांचीही त्यांच्या नोंदणीच्या तारखेप्रमाणें तशीच यादी असते.

येथें निर्देशाचा क्षण येतो. संस्थेंत जाऊन पाळण्यांवरून नजर फिरविण्याची सोय आतां नाहीं. ज्याचा क्रम आला त्याच्या नांवें मुलाची माहिती व छायाचित्र धाडलें जातें. भारतांत राहणारीं कुटुंबें आणि परदेशीं राहणारे भारतीय नागरिक यांचा हक्क समान मानला आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें, मोकळें झाल्यापासून साठ दिवसांत या दोहोंपैकीं कोणीही त्या मुलाला घर दिलें नाहीं, तरच तें अन्य परदेशी कुटुंबाला सुचवितां येतें. मात्र व्यंग असलेलीं मुलें, भावंडें आणि पांच वर्षांवरील मुलें यांना परदेशच्या घरासाठीं अग्रक्रम देतां येतो. कारण अशांना येथें घर मिळणें कठीण, हा आजवरचा अनुभव आहे.

परदेशांतील कुटुंबानें आधीं आपल्या देशाच्या मान्यताप्राप्त संस्थेकडे वा सरकारी खात्याकडे अर्ज केलेला असतो. त्यांच्या घरीं जाऊन केलेल्या पाहणीचा अहवाल भारतांत आलेला असतो. २०१७ च्या नियमावलींत अशी तरतूद होती कीं, त्यांचा क्रम आला म्हणजे दोन मुलांची माहिती त्यांच्या संस्थेकडे जावी, आणि ९६ तासांच्या आंत त्यांनीं एका मुलासाठीं होकार नोंदवावा. होकार नोंदविला कीं दुसऱ्या मुलाची माहिती आपोआप परत घेतली जाई. मग अहवालांवर सह्या करून पक्का स्वीकार कळविण्यास तीस दिवस मिळत. २०२२ सालीं ही नियमावली पुन्हां लिहिली गेली. परंतु क्रमानें निर्देश, मोजकी मुदत आणि लेखी स्वीकार ही चौकट तीच आहे.

स्वीकारानंतर दोन्ही देशांच्या मध्यवर्ती यंत्रणा एकमेकींस लेखी कळवितात कीं, हें कुटुंब पात्र आहे आणि हें मूल तेथें कायमचें राहूं शकेल. त्यावर कारा आपलें ना-हरकत पत्र देते. नंतर दत्तकाचा आदेश होतो. पूर्वी तो न्यायालय देई. २०२१ सालच्या दुरुस्तीनें तो अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे सोपविण्यांत आला. आदेशानंतर मुलाचा जन्मदाखला, पारपत्र आणि हेगच्या कराराप्रमाणें सर्व कांहीं झालें असें प्रमाणपत्र मिळतें, आणि मग तें मूल विमानांत बसतें. पुढें दोन वर्षें त्याच्या प्रगतीचे अहवाल भारतांत येतात. पहिल्या वर्षीं दर तीन महिन्यांनीं, दुसऱ्या वर्षीं दर सहा महिन्यांनीं. संस्थेला द्यावयाची रक्कमही ठरवून दिलेली असते. २०१७ च्या नियमावलींत ती परदेशी कुटुंबासाठीं ५,००० डॉलर होती. रक्कम ठरवून देण्याचा हेतु स्पष्ट आहे: जेथें घासाघीस चालते तेथें बाजार भरतो.

श्रोतेहो, या सर्व रीतींत मला, एका शिक्षकाला, सर्वांत नाजूक काय वाटतें तें सांगूं? मुलाविषयीं कागदावर लिहिलेला शेरा. शाळेच्या प्रगतिपुस्तकांत ‘मंद’ असा एक शब्द लिहिला, तर घरांत त्या मुलाकडे पाहण्याची दृष्टि बदलते. तोच शब्द निर्देशाच्या कागदांत आला, तर हजारों कोसांवरचें घर त्या मुलाला मिळतां मिळतां राहतें. आणि खरें दुखणें मायेपोटीं झांकून ठेविलें, तर नवे आईबाप तयारीवांचून अडचणींत पडतात, आणि त्याचें फळ मुलालाच भोगावें लागतें. म्हणून अहवाल लिहिणारानें न्यायनिवाडा करूं नये. जें पाहिलें तें लिहावें. ‘हट्टी आहे’ असें न लिहितां, ‘जेवतांना कोणीं घाई केल्यास रडते, एकटी सोडल्यास सावकाश सर्व जेवते’ असें लिहावें. पहिल्या शब्दानें दार लागतें, दुसऱ्या वाक्यानें आईला मुलगी कळते.

याचा प्रत्यय मला नुकताच आला. माझा एक जुना विद्यार्थी परदेशीं नोकरीस आहे. लग्नाला बरींच वर्षें होऊनही मूल नाहीं. कांहीं वर्षांपूर्वी त्यानें मला लिहिलें, “गुरुजी, आपल्या भागांत एखादी अडलेली बाई असेल तर पाहा. दवाखान्याचा सारा खर्च मी करीन, वर तिलाही कांहीं देईन. मूल सुखांत वाढेल, तिचाही प्रश्न सुटेल.” त्याच्या मनांत पाप नव्हतें, हें मी जाणतों. तरीही मीं त्याला कळविलें, “बाळ, तूं ज्याला साह्य म्हणतोस, त्याला कायदा खरेदी म्हणतो, आणि तो चुकत नाहीं.” दत्तकाच्या मोबदल्यांत पैसे देणें-घेणें १९५६ च्या कायद्यानेंही निषिद्ध आहे. वैध आदेशावांचून मूल परदेशीं नेणें वा पाठविणें हा २०१५ च्या कायद्यानें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. मूल विकणें वा विकत घेणें यास पांच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण शिक्षेहून मोठी गोष्ट मीं त्याला लिहिली. “उद्यां मुलगा मोठा होऊन विचारील कीं, माझ्या आईनें मला कां दिलें? तेव्हां ‘मीं तिचें बिल भरलें’ हें उत्तर तुला देतां येईल काय?”

त्याला राग आला असावा. कांहीं महिने पत्र नव्हतें. नंतर कळलें कीं, दोघांनीं रीतसर नोंदणी केली. वाट फार पाहावी लागली. शेवटीं एके रात्रीं त्याचा दूरध्वनि आला. निर्देश आला होता. मुदतीचे मोजके तास उरले होते. मुलगी साडेतीन वर्षांची. मुलीचें नांव-गांव त्यानें सांगितलें नाहीं, मींही विचारलें नाहीं. अहवालांत एक वाक्य होतें: ‘हांक मारल्यास कधीं पाहते, कधीं पाहत नाहीं, फारशी बोलत नाहीं.’ सूनबाई घाबरल्या होत्या. मुलीच्या बुद्धींत उणें तर नसेल? मीं म्हटलें, “शाळेच्या पहिल्या दिवशीं न बोलणारीं मुलें मीं शेंकड्यांनीं पाहिलीं आहेत. पण ‘कधीं पाहते, कधीं नाहीं’ या शब्दांकडे लक्ष द्या. ती कोणत्या बाजूनें हांक मारल्यावर पाहते, हें विचारा. कानांची तपासणी झाली आहे का, हें विचारा. आणि उत्तर डॉक्टरांना दाखवा, मला नको.” त्यांनीं विचारलें. एका कानानें तिला कमी ऐकूं येत होतें. बुद्धीचा प्रश्न नव्हताच. त्यांनीं होकार दिला. आज ती मुलगी त्यांच्या घरीं आहे, कानाला यंत्र लावते आणि, तिची आई म्हणते, आतां बोलायची थांबत नाहीं. हें श्रेय माझें नव्हे. संस्थेंतील ज्या कोणा सेविकेनें पाहिलें तेंच जसेंच्या तसें लिहिलें, तिचें तें श्रेय आहे.

दुसरी नाजूक गोष्ट तारखांची. आपल्या गांवोगांवच्या शाळांचीं जनरल रजिस्टरें उघडा. अर्ध्या गांवाचा जन्म १ जूनचा आढळेल. जन्मतारीख माहीत नसली कीं शाळा सुरू होण्याच्या सुमाराची तारीख घालावयाची, ही जुनी वहिवाट. ती तारीख त्या माणसाला निवृत्तीपर्यंत चिकटते. टाकलेल्या मुलाची जन्मतारीखही अशीच डॉक्टरांच्या अंदाजानें ठरते. पण त्याच्या बाबतींत तें पानच त्याची सारी वंशावळ असतें. तें मूल वाढेल, अठरा वर्षांचें होईल, आणि एक दिवस समुद्र ओलांडून विचारावयास येईल: मी कोठें मिळालों? माझ्याजवळ काय होतें? कोणीं मला उचललें? नियमांनीं त्याला आपल्या मुळाचा शोध घेण्याचा हक्क दिला आहे. जन्मदात्रीची गुप्तता राखून संस्थेनें त्याला साह्य करावयाचें असतें. त्या दिवशीं पानावर काय असेल तेवढेंच त्याला मिळेल. म्हणून पोलिसानें पंचनाम्यांत दुपट्याचा रंग लिहिणें, परिचारिकेनें वेळ लिहिणें, ही क्षुल्लक कारकुनी नव्हे.

कागद खोटे झाले म्हणजे काय होतें, याचे दाखले जगभर आहेत. २०१० च्या सुमारास पुण्यांतील एका संस्थेच्या कारभाराची केंद्रीय अन्वेषण विभागाकडून चौकशी झाली, हें आपणांस आठवत असेल. नेदरलँड्स देशानें नेमलेल्या एका समितीनें २०२१ सालीं असा अहवाल दिला कीं, १९६७ ते १९९८ या काळांत बांगलादेश, ब्राझील, कोलंबिया, इंडोनेशिया व श्रीलंका येथून आणलेल्या मुलांच्या बाबतींत गंभीर गैरप्रकार झाले आणि सरकारनें त्यांकडे कानाडोळा केला. २०२४ सालीं त्या देशानें परदेशी दत्तक हळूहळू बंद करण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं डेन्मार्कमधील एकुलत्या संस्थेनें काम थांबविलें, आणि चीननें, अगदीं जवळच्या नातलगांचा अपवाद सोडून, आपलीं मुलें परदेशीं देणें बंद केलें.

मग आपणही दार लावून घ्यावें काय? असें म्हणणारे विचारी लोक आहेत. मूल भाषेंतून, मातींतून, आपल्यासारख्या चेहऱ्यांतून उपटलें जातें, हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २०२४-२५ या वर्षांत कारामार्फत ४,५१५ मुलांना घरें मिळालीं. त्यांपैकीं ४,१५५ मुलांना भारतांतच, आणि बाकीच्या सुमारें ३६० मुलांना परदेशीं. या थोड्यांमध्यें मोठीं, आजारी, व्यंग असलेलीं आणि भावंडांच्या जोडीनें जाणारीं मुलें पुष्कळ असतात. ज्यांचा निर्देश येथील कुटुंबांनीं स्वीकारला नाहीं, अशींही त्यांत असतात. सात वर्षांच्या पांगळ्या मुलाला संस्थेच्या व्हरांड्यांत बसवून ठेवून त्याच्या मातृभाषेचा अभिमान सांगणें, हें मला न्यायाचें वाटत नाहीं. दार लावण्यापूर्वी आपण आपलें स्वतःचें दार उघडावें. गोरें, निरोगी, तान्हें मूलच हवें, हा हट्ट जोंवर आपल्या घरांत आहे, तोंवर तीं मुलें परदेशीं जातात याबद्दल परदेशाला बोल लावण्याचा अधिकार आपणांस नाहीं. जुन्या दत्तकाची निवड आपण कायद्यांतून काढली. ती मनांतून अजून गेलेली नाहीं.

शेवटीं ठाणें जिल्ह्यांतील, विशेषतः आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यांतील श्रोत्यांस चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतों. मूल सांपडलें तर १०९८ वर कळवा, आणि तें सांपडल्याची जागा, वेळ व त्याच्याजवळची वस्तु कागदावर लिहून पोलिसांच्या हवालीं करा. एखादी मुलगी अडचणींत असून मूल सांभाळूं शकत नसेल, तर तिला लपवूं नका व धमकावूं नका. बालकल्याण समितीपुढें ती निर्भयपणें जाऊं शकते, आणि दोन महिन्यांत परत फिरूंही शकते, हें तिला सांगा. कोणी दलाल, परिचारिका किंवा ओळखीचा गृहस्थ ‘परदेशीं चांगलें घर आहे, कागदांचें मी पाहतों’ असें म्हणाला, तर त्या घराविषयीं नव्हे, त्या कागदांविषयीं विचारा. आणि आपल्या घरीं मूल हवें असेल, तर जिल्हा बाल संरक्षण कक्षांत किंवा मान्यताप्राप्त संस्थेंत चौकशी करा. डोंबिवलीची ‘जननी आशिष’ आपल्यापासून आगगाडीच्या थोड्याच स्थानकांवर आहे.

सयाजीराव कवळाण्याहून बडोद्यास गेले तेव्हां ते मुलगे कोणाचे, कोठले, हें साऱ्या दरबाराला ठाऊक होतें. फलाटावर मिळालेल्या मुलाच्या बाजूनें बोलणारा दरबार नसतो. समितीचा ठराव, डॉक्टरांची नोंद आणि सेविकेचें एक खरें वाक्य, एवढाच त्याचा लवाजमा. तो खरा ठेवणें आपल्या हातीं आहे.